साथीशिवायचं समूहगान : सूर कुणी द्यायचा आणि कुणी राखायचा?

खर्जवाला

वाद्य नसताना पंधरा-वीस माणसं एकत्र गातात तेव्हा दोन प्रश्न सोडवावेच लागतात. सुरुवातीचा सूर कुणी द्यायचा? आणि तो शेवटापर्यंत जागेवर कसा ठेवायचा? या गायनाचा इतिहास रचनाकारांच्या नावांनी सांगायची पद्धत आहे. मला तो या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास वाटतो, म्हणून धागा त्याच अंगाने काढतोय. भर घाला, पटलं नाही तर खोडून काढा.

सुरुवात युरोपातल्या मठांपासून करतो, कारण तिथलं लेखी राहिलं आहे. ग्रेगोरियन गायन एकाच चालीचं असतं. सगळ्यांनी तीच चाल गायची, मुलं असली तर वरच्या सप्तकात. यात सूर धरणं तसं सोपं, पण वर्षभराच्या उपासनेच्या शेकडो चाली नुसत्या ऐकून पाठ करणं महाकठीण. १०२५च्या सुमारास ग्वीदो द'आरेत्सो या मठातल्या शिक्षकाने आडव्या रेघांवर स्वर मांडायची पद्धत पक्की केली. त्यातल्या दोन रेघा रंगीत होत्या, एक तांबडी आणि एक पिवळी. ज्या स्वरांच्या लगेच खाली अर्धस्वर येतो त्यांच्या त्या रेघा. समूह सर्वांत जास्त चुकतो तो अर्धस्वराच्या जागीच, म्हणून रंग नेमका तिथे.

गाऊन शिकवण्यासाठी त्याने एक स्तोत्र वापरलं. त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. ओळींची पहिली अक्षरं घेऊन उत-रे-मी-फा-सोल-ला ही सहा नावं आली. त्यात अर्धस्वर एकाच ठिकाणी आहे, मी आणि फा यांच्यामध्ये. नवी चाल समोर आली की मी-फा कुठे पडतात ते शोधायचं, बाकीचं बसत जातं. ही युक्ती पुढे आठ-नऊशे वर्षं वेगवेगळ्या रूपांत परत येते.

तारसप्तक

धागा आवडला. पुढचा टप्पा मी लिहिते.

एका चालीच्या जोडीला दुसरा आवाज लावण्याचे नियम ९व्या शतकाच्या अखेरीच्या 'म्यूझिका एनकिरियाडिस' या ग्रंथात सापडतात. मूळ चालीच्या खाली चार किंवा पाच स्वर अंतर ठेवून दुसऱ्याने तीच चाल गायची. ऐकायला सरळ वाटतं, पण लगेच अडतं. मूळ चाल शुद्ध निषादावर आली की चार स्वर खाली शुद्ध मध्यम येतो, आणि या दोघांतलं अंतर सा ते तीव्र मध्यम एवढं निघतं. समूहाला ते गाताही येईना आणि कानाला सोसेना. मग नियम असा केला की अशा जागी खालच्या आवाजाने चालीमागे जायचं नाही, एका स्वरावर थांबून राहायचं, आणि शेवटी दोघांनी एका स्वरात मिळायचं.

दुसऱ्या आवाजाला स्वतःची वाट मिळाली ती इथे. एका अडचणीच्या अंतरामुळे.

पॅरिसच्या नोत्र दाममध्ये १२व्या शतकाच्या उत्तरार्धात लेओनँ आणि नंतर पेरोतँ यांच्या नावावरच्या रचनांमध्ये मूळ चालीचा एकेक स्वर खूप लांबवून धरतात आणि वर एक, दोन, क्वचित तीन आवाज ठरलेल्या लयीच्या साच्यांत फिरतात. एक गोष्ट नेहमी निसटते. हे अनेक आवाजांचं गाणं निवडक एकल गायक गात, मोठा समूह मधले भाग एकसुरातच गाई. आज पन्नास जणांचा कॉयर (गायकसंघ) ते गातो तेव्हा रचना फार जड होते. एका भागाला एक, फार तर दोन आवाज ठेवा. लांबवलेल्या स्वराला मात्र तिघं तरी लागतात, नाहीतर श्वास तुटतो.

स्वरांकित

इथून पुढे पुनर्जागरण म्हणजे साथीशिवायच्या गायनाचं सुवर्णयुग, झोस्कँ, पॅलेस्ट्रिना, टॅलिस हे रचनाकार, असंच लिहावं लागेल ना? टॅलिसची ४० स्वतंत्र आवाजांची 'स्पेम इन आलियम' १५७०च्या आसपासची. पाच-पाच आवाजांचे आठ गट. त्यावर मोठं शिखर नसावं.

खर्जवाला

@स्वरांकित, टॅलिसच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण 'त्या काळी चर्चमध्ये वाद्यांशिवाय गात' हे सरसकट विधान टिकत नाही. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गन नव्हता, तिथलं गायन खरोखर निखळ आवाजांचं. ते अपवादात्मक होतं. इतर मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन असे. १६व्या शतकात स्पेन आणि इटलीतल्या कित्येक ठिकाणी कॉर्नेट, सॅकबट असली फुंकवाद्यं गायकांच्या जोडीला वाजत. एखाद्या भागाला गायक कमी पडला तर तो भाग वाद्यावर जाई. व्हेनिसच्या सान मार्कोमध्ये तर गॅब्रिएली काका-पुतण्यांनी वाद्यं आणि आवाज यांचे वेगवेगळे गटच समोरासमोर उभे केले.

जुनं संगीत म्हणजे वाद्यविरहित, आणि वाद्यविरहित म्हणजे पवित्र, ही जोडी घट्ट झाली १९व्या शतकात. जर्मन भाषक प्रदेशांतल्या सेसिलियन चळवळीने पॅलेस्ट्रिनाला आदर्श मानलं आणि सिस्टीनचा अपवाद सगळ्या युगाचा नियम म्हणून पसरला. पॅलेस्ट्रिनाच्या सहा आवाजी 'मिसा पापे मार्चेल्ली' या उपासनेच्या रचनेने (छापील १५६७) ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेसमोर बहुस्वरी संगीत वाचवलं, ही गोष्टही त्याच काळात रंगली. तिला समकालीन पुरावा नाही. परिषदेत शब्द स्पष्ट ऐकू यावेत अशी मागणी जरूर झाली होती, आणि त्या मिसाच्या लांब मजकुराच्या भागांत शब्द खरंच स्वच्छ कळतात, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

तारसप्तक

+१. सिस्टीनसाठी लिहिणाऱ्या अलेग्रीच्या 'मिझेरेरे' या स्तोत्राचंही तसंच. रचना १६३०च्या दशकातली, पाच आणि चार आवाजांचे दोन गट. आज सगळ्यांना आठवतो तो वरच्या 'सा'वर झेपावणारा बालस्वर. तो मूळ रचनेत नाही. १९व्या शतकात एका तुकड्याची चार स्वर वर चढवलेली नोंद उरलेल्या मूळ भागाला जोडून छापली गेली आणि तोच पाठ रूढ झाला. गाणाऱ्यांना कळतं ते असं की त्या जागी खालचे आवाज अचानक वेगळ्याच पट्टीत शिरतात. सूर तिथेच हमखास ढळतो, कारण जोड नैसर्गिक नाही. गाऊ नये असं अजिबात म्हणत नाही, ऐकायला फारच सुंदर आहे. पण तालमीत त्या सांध्याला वेगळा वेळ द्या.

नादब्रह्मे

त्या काळचे गायक नक्की काय समोर ठेवून गात? आजच्यासारखी सगळे भाग एकाखाली एक असलेली प्रत?

खर्जवाला

नाही. एक भलं मोठं पुस्तक उंच चौरंगावर उघडं असे आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहत. समोरासमोरच्या दोन पानांवर चार भाग सुटे लिहिलेले: बहुधा डावीकडे वर सर्वांत उंच आवाज, त्याखाली टेनर (उंच पुरुषी आवाज), उजवीकडे वर आल्टो (मधला आवाज), खाली बास (सर्वांत खोल आवाज). मात्रांच्या उभ्या रेघा नाहीत. आपला भाग दिसतो, पण दुसरा या क्षणी कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही, कानांनीच कळायचं. लय हाताच्या खाली-वर होण्याने. नंतर प्रत्येक भागाची वेगळी पुस्तिका छापू लागले, तेव्हा तर शेजाऱ्याचा भाग नजरेलाही पडेना.

आजच्या कॉयरला याचा एक उपयोग आहे. पाठ झालेली रचना एकदा पूर्ण प्रतीऐवजी फक्त आपापला भाग लिहून त्यावरून गाऊन पाहा. कोण ऐकून गातं आणि कोण नुसतं मोजून, ते पहिल्या दोन ओळींत उघडं पडतं.

श्रुतिधर

आता सुराच्या ढळण्याकडे येऊ या. सूर उतरला की आपण गायकांना दोष देतो. काही वेळा दोष रचनेच्या गणिताचा असतो.

सप्तकाचे १२०० सेंट धरा. पियानोवर गंधार ४०० सेंटला, पंचम ७०० ला. आवाजात ठोके (दोन स्वर नेमके न जुळल्याने येणारी थरथर) न पडता स्थिर मिळणारा शुद्ध गंधार (४:५) ३८६ ला आणि पंचम (२:३) ७०२ ला. पंचमातला फरक दुर्लक्ष करण्याइतका, गंधारातला १४ सेंटचा, तो कानाला कळतो. साथ नसली की चांगले गायक आपसूक ३८६ कडे सरकतात. मध्ययुगात पंचमांच्या साखळीतून आलेला गंधार ४०८ ला होता, चांगलाच कडक. म्हणून त्या काळच्या रचना शेवटी सा-प-सा वर थांबतात, गंधार ठेवतच नाहीत.

आता हा क्रम घ्या: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नी-रे, आणि परत सा-ग-प. प्रत्येक बदलात आधीच्या स्वरमेळातला सामाईक स्वर न हलवता बाकीचे त्याच्याशी शुद्ध जुळवत जा. सामाईक 'ध' वरून 'रे' जुळवला तो १०/९ येतो, ९/८ येत नाही. त्यावरून 'प' ४०/२७, आणि शेवटी परत येणारा 'सा' मूळ 'सा'च्या ८०/८१ पट. म्हणजे साडेएकवीस सेंट खाली. पाच फेऱ्यांत अख्खा अर्धस्वर गेला, आणि एकही माणूस कुठेही बेसूर नव्हता! ८१/८० हे अंतर आपल्याकडच्या श्रुतीचर्चेत पुष्कळ अभ्यासक प्रमाणश्रुती म्हणून ओळखतात.

जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या गणितज्ञाने १५६०च्या दशकात चिप्रियानो द रोरे या रचनाकाराला लिहिलेल्या पत्रांत नेमकं हेच दाखवलं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा शुद्ध गायला तर तो दर वेळी तेवढ्याच अंतराने सरकत जातो, एक उदाहरण वर जाणारं, एक खाली. पत्रं १५८५ मध्ये छापली गेली.

नादब्रह्मे

गणित कळलं. पण उभं राहून गाणाऱ्याने करायचं काय?

श्रुतिधर

वरच्या क्रमात दुखरी जागा एकच आहे. 'ध-सा-ग' वरून 'रे-म-ध' वर जाताना 'ध' धरून बसलेल्याने तो किंचित चढवायचा. गायकाला सेंट सांगू नका. 'इथे धैवत उजळ' एवढी खूण प्रतीवर करा. आणि तालीम पहिल्यांदा 'सा'चा अखंड आधार चालू ठेवून करा, दोघांनी 'ऊ'वर नुसता 'सा' धरला तरी पुरे. सगळ्या स्वरांचं नातं त्या एका 'सा'शी लागलं की घसरण बरीच थांबते. आधार नंतर काढून घ्यायचा.

स्वरमेळ बांधताना क्रम पाळा. आधी खालचा 'सा', मग वरचा, मग पंचम, आणि गंधार सर्वांत शेवटी, हलका. गंधारवाल्यांना ३८६ ची जागा सापडते ती वरून खाली उतरत आल्यावर. ठोके मंदावत जातात आणि एका जागी थांबतात, तिथे थांबायचं. सोळा जण असतील तर गंधाराला तिघं पुरेत. तिथे सहा जण ठेवले की मेळ कडक वाजतो आणि मग सगळे जोर लावू लागतात.

तारसप्तक

@श्रुतिधर यांच्या पोस्टला जोड. गणिताबाहेरची उताराची कारणं जास्त रोजची आहेत. उतरताना पावलं फार मोठी पडतात, चढताना फार छोटी. एकच स्वर सलग पाच-सहा वेळा आला की प्रत्येक वेळी केसभर खाली जातो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी तो स्वर नव्याने, जरा वरून घेतल्यासारखा लावायचा. काही रचना ठरलेल्या पट्टीत उतरतातच, त्या अर्धस्वर वर घेतल्या की टिकतात. तिथे आवाजाचा जोड (छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात जाण्याची जागा) सरकतो, हे कारण.

आणि स्वरवर्ण! एकाचा 'आ' उघडा, दुसऱ्याचा 'ऑ'कडे झुकलेला असेल तर सूर तोच असूनही बेसूर भासतं, कारण दोघांच्या आवाजातले वेगवेगळे स्वयंभू स्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर) पुढे येतात. सूर दुरुस्त करण्याआधी तोंडाचा आकार दुरुस्त करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मोकळा_कंठ

युरोपच्या चर्चबाहेर येऊ या का? सुधारणावादी पंथांतली गोष्ट फार मोलाची आहे. झ्यूरिखमध्ये झ्विंग्लीच्या सुधारणेनंतर ऑर्गनच काढून टाकले. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या अनुयायांनी स्तोत्रं एकसुरात, विनासाथ गायला घेतली, पूर्ण संग्रह १५६२चा. इंग्लंडमध्ये १६४४च्या नियमावलीत अशी सूचना आहे की वाचता न येणारे पुष्कळ असतील तर एकाने ओळ आधी म्हणावी आणि मग सगळ्यांनी गावी. यातून झालं असं की लय अतिशय संथ झाली आणि प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत ओळ पुरी करू लागला. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर गेलिक भाषेतली स्तोत्रं आजही अशी गातात. शेकडो आवाज एकाच चालीवर, पण प्रत्येकाची वाट थोडी वेगळी. मला हा प्रकार कुठल्याही चार आवाजी कॉयरइतकाच थोर वाटतो.

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या पाद्र्यांना मात्र तो गोंधळ वाटला. १७२०च्या दशकात त्यांनी लिपी वाचून गाण्याचा आग्रह धरला आणि गायनशाळा निघाल्या. फिरते शिक्षक काही आठवडे गावात राहून शिकवत. त्यांच्यासाठी १८०१ मध्ये एक सोपी लिपी छापून आली, आकारांची. फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी हिरकणी (टोकावर उभा चौकोन). फा-सोल-ला दोनदा येतात आणि मी एकदा, झालं सप्तक. ग्वीदोचीच युक्ती, पण रेघेऐवजी आकारात. बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांचा १८४४चा 'द सेक्रेड हार्प' याच लिपीत आहे आणि त्यावरून आजही गातात.

नादब्रह्मे

तिथे सूर कोण देतं?

मोकळा_कंठ

समूहातला एक जाणता माणूस, बहुधा पुढच्या ओळीतल्या टेनरांपैकी. वाद्य नाही, ट्यूनिंग फोर्क नाही. छापलेली पट्टी तो बंधनकारक मानत नाही. वरचा सर्वांत उंच आणि खालचा सर्वांत खोल स्वर बघतो, सकाळ आहे की दुपार, गळे किती थकलेत ते बघतो, आणि आधारस्वर लावून प्रत्येक भागाचा पहिला स्वर गाऊन दाखवतो.

मांडणी चौकोनी, मधे मोकळी जागा: ट्रेबल, आल्टो, टेनर, बास चार बाजूंना, तोंडं आत. गाणं निवडणारा मधे उभा राहून हात खाली-वर करतो. मूळ चाल टेनरमध्ये असते आणि टेनर, ट्रेबल दोन्ही भाग पुरुष आणि बाया आपापल्या सप्तकात एकत्र गातात, त्यामुळे चार भागांचे प्रत्यक्ष सहा ऐकू येतात. आधी एक फेरी आकारांच्या नावांनी, मग शब्द. ही पहिली फेरी नवखे लोक गाळतात. गाळू नका, भाग बसतो तो तिथेच. श्रोते धरलेलेच नाहीत, म्हणून आवाज एकमेकांत मिसळायचा प्रयत्नही नाही. सगळे पूर्ण गळ्याने गातात.

स्वरांकित

कृष्णवर्णीय अमेरिकनांची परंपरा या धाग्यात यायलाच हवी. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाची नऊ मुलं-मुली ऑक्टोबर १८७१ मध्ये संस्थेसाठी निधी जमवायला निघाली. गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीतं त्यांनी मंचावर, मुख्यतः साथीशिवाय गायली. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायली, आणि मिळालेल्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला.

पुढे ऑर्फियस मॅकअडू याचा अशाच धर्तीचा गायकसंघ १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचला. तिथे मिशन शाळांतून टॉनिक सोल-फा ही अक्षरांची लिपी आधीच रुजली होती. तिचा पाया सेरा ग्लोव्हरचा, प्रसार जॉन कर्वेनचा. झुलू समूहगानाची स्वतःची हाक-प्रतिसादाची घडण होतीच. खाणी आणि शहरांतल्या कामगारांच्या वस्त्यांत या सगळ्यातून इसिकातामिया घडलं: एक पुढारी, वर एक-दोन उंच आवाज आणि खाली खर्जाची मोठी फळी, पावलं अलगद. सॉलोमन लिंडाच्या गटाचं 'म्बुबे' १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. जोसेफ शाबालाला यांच्या लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझोमुळे १९८६ नंतर ते जगभर पोचलं.

या शैलीची नक्कल करणारे गट हमखास एक चूक करतात. युरोपी सवयीने चारही भागांना सारखी माणसं देतात. खर्जाला निम्म्याहून जास्त द्या, तरच तो घुमारा येतो.

श्रुतिधर

बार्बरशॉप, म्हणजे चौघांनी साथीशिवाय गायच्या अमेरिकी प्रकाराचाही उगम कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हौशी चौकड्यांत आहे, हे आता संशोधनाने पक्कं आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या तल्सा शहरात स्थापन झालेल्या बार्बरशॉप संस्थेने मात्र १९६३ पर्यंत कृष्णवर्णीयांना सदस्यत्व दिलं नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच बाहेर ठेवलं. हे स्पष्ट लिहिलंच पाहिजे.

सुराच्या बाजूने बघा. चाल 'लीड'कडे, त्याच्या वर 'टेनर', तळाला 'बास', उरलेला स्वर 'बॅरिटोन'कडे. चार स्वरांचं प्रमाण ४:५:६:७ साधलं की वर न गायलेला स्वर घुमू लागतो. यातला ७ चा स्वर पियानोच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट खाली आहे. बास भक्कम, वरचा टेनर सर्वांत हलका. टेनरने जोर केला की घुमारा गेलाच.

खर्जवाला

न गायलेल्या स्वराचं सर्वांत विलक्षण रूप सार्डिनियातल्या कास्तेलसार्दो गावी, पवित्र सप्ताहातल्या गायनात आहे. चार पुरुष अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि मेळ व स्वरवर्ण तंतोतंत जुळला की पाचवा, बाईसारखा आवाज ऐकू येतो. त्याला 'क्विंतीना' म्हणतात. चौघांचे जे स्वयंभू स्वर एकमेकांवर पडतात ते एकत्र होऊन तो बनतो. एकाने तोंड जरा जास्त उघडलं की नाहीसा.

कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाच्या तीन आवाजी गायनात सूर राखायची रीत प्रांताप्रांतांत वेगळी. काखेतीत दोन एकल आवाज आणि खाली समूहाचा लांब धरलेला खर्ज. गुरियात तिन्ही आवाज मोकाट फिरतात आणि वरचा 'क्रिमांचुली' छातीच्या आणि डोक्याच्या आवाजात झपाट्याने उड्या घेतो. काखेतीतलं 'चाकरुलो' हे गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेलं.

मोकळा_कंठ

अवांतर, पण नोंद असावी. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तो १९४४ पर्यंत चालला. गायक त्या संघटनेत नव्हते, म्हणून कंपन्यांनी मागे वाद्यांऐवजी गाणाऱ्यांचा समूह उभा करून तबकड्या काढल्या. फ्रँक सिनात्रा या गायकानेही १९४३ मध्ये अशी गाणी केली.

नादब्रह्मे

शेवटचा प्रश्न. लांबच लांब स्वर तुटू न देता समूह कसा धरतो? आणि रशियन रचनांतले ते पाताळातले खर्ज?

तारसप्तक

श्वास आळीपाळीने घ्यायचा. शेजाऱ्यांशी आधी ठरवून घ्या. ओळ संपते तिथे किंवा मात्रेच्या रेघेवर श्वास नको, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. लांब स्वराच्या मधोमध आवाज हलका करत सुटायचं, श्वास घ्यायचा आणि त्याच स्वरवर्णावर हलकेच परत मिसळायचं. व्यंजन पुन्हा उच्चारायचं नाही. दम संपायच्या आधीच श्वास घ्या, संपल्यावर घेतलेला ऐकू येतो. शेवटचा 'स' सगळ्यांनी म्हटला तर फुत्कार होतो, दोघांना नेमून द्या.

खर्जवाला

खर्जाचं मी सांगतो. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं नसल्याने तळ आवाजानेच भरायचा, त्यातून हे खोल बास तयार झाले. रखमानिनोव्हच्या १९१५च्या 'ऑल-नाइट व्हिजिल'मध्ये पाचव्या भागाच्या शेवटी बास पायरीपायरीने उतरत ५८ हर्ट्झच्या स्वरावर थांबतो. असे आवाज नसतील तर बाकीच्या बासना तिथवर ढकलू नका. ते स्वर दाबून काढतात, नुसती खरखर येते आणि वरचा सगळा मेळ चढतो. ज्या एक-दोघांना सहज जमतं त्यांनी उतरावं, बाकीच्यांनी शेवटचे तीन-चार स्वर वरच्या सप्तकात, एकदम हळू धरावेत. खालचा तळ एकाचाच असला तरी पुरतो, कारण वरच्यांचा सूर नेमका असेल तर कान उरलेला तळ स्वतः भरून घेतो.